वाड्यावरची मुलगी आणि गावातली शाळा

महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होते. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, पारनेर अशा कमी पावसाच्या तालुक्यांतले धनगर मेंढपाळ दसरा-दिवाळीच्या आसपास कळप घेऊन बाहेर पडतात. कोणी घाट उतरून कोकणात जातात, कोणी नदीकाठच्या बागायती पट्ट्यात फिरतात आणि मृगाच्या तोंडावर गावी परततात. पहिले सत्र संपता संपता घर हलते आणि परीक्षा उरकल्यावर ते परत येते. दुसरे सत्र या मुलांच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. मेंढपाळ आणि एकेकाळी शिकारीवर, रानातल्या वस्तूंवर जगणाऱ्या समाजांतील मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न इथून सुरू होतो. तो इथेच संपला असता तर सोपा होता. पण त्याच कुटुंबातला मुलगा पुष्कळदा गावात आजीजवळ राहून शिकतो आणि त्याची बहीण कळपाबरोबर जाते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या प्रश्नात तीन समाज ठळकपणे समोर येतात: फिरते धनगर, फासेपारधी आणि कातकरी. सरकारी यादीत तिघांची जागा वेगळी आहे. धनगर भटक्या जमाती ‘क’ या गटात मोडतात आणि त्यांना राज्यात साडेतीन टक्के आरक्षण आहे. पारधी अनुसूचित जमातींत येतात. कातकरी अनुसूचित जमातींतही ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’ म्हणून नोंदले गेले आहेत. राज्यात असे तीनच समूह आहेत, कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. सगळे धनगर फिरत नाहीत, अनेक पिढ्यांपासून शेती करणारे धनगर पुष्कळ आहेत. उलट धुळ्याकडचे ठेलारी अजूनही मेंढ्यांमागे फिरतात. योजना जातीच्या नावाने आखल्या जातात आणि अडचण फिरण्यामुळे येते. त्यामुळे त्याच जातीतल्या स्थिर घरातली मुलगी योजनेपर्यंत लवकर पोहोचते आणि वाड्यावरची मागे राहते.

वाडा म्हणजे चार-दोन कुटुंबे, त्यांच्या काही शे मेंढ्या, थोड्या शेळ्या, कोंबड्या, राखणीची कुत्री आणि ओझ्याची घोडी. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, रात्रभराच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो आणि एक-दोन दिवसांत वाडा पुढच्या शेतात जातो. सकाळी पुरुष मेंढ्या चरायला काढतात. मागे राहिलेल्या बायका जाळीचे कुंपण, म्हणजे वाघर, गुंडाळतात, भांडी, घोंगड्या आणि पिठाचे गाठोडे घोड्यावर लादतात आणि नव्या मुक्कामाला निघतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचे काम यात ठरलेले असते. तान्हे भावंड तिच्या कडेवर. चार दिवसांची कोकरे घोड्यावरच्या ओझ्यात नीट बसवणे, मुक्कामाला पोहोचल्यावर ती मोजून उतरवणे, संध्याकाळी कळप परतला की प्रत्येक कोकरू त्याच्याच आईला लावणे हेही तिच्याकडे. शंभरभर कोकरांत कोणते कोणत्या मेंढीचे, हे तिला खूण न बांधता कळते. हीच मुलगी आठ महिन्यांच्या खंडानंतर वर्गात बसली की ‘मागे पडलेली’ ठरते. तिच्याजवळच्या या निरीक्षणाला आणि गणनेला पाटीवर कुठे जागाच दिलेली नसते.

मुलाला गावी ठेवणे आणि मुलीला बरोबर नेणे यामागे मायेचा अभाव नाही. घरातले काम तिच्यावर उभे असते. ती नसेल तर तान्ह्याला कोण घेणार, या प्रश्नाला वाड्यावर दुसरे उत्तर नाही. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिला गावात म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सोडण्याची धास्तीही असते. हे ओळखून आखलेली योजना आणि ‘पालक उदासीन आहेत’ असे गृहीत धरून आखलेली योजना यांच्या परिणामांत मोठे अंतर पडते.

फासेपारध्यांची गोष्ट वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. फासे लावून तित्तर, लावे पकडणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. नावही त्यावरूनच पडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्माबरोबर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची पद्धत सुरू केली. जमातीतल्या माणसांची नोंद, हजेरी, परवानगीशिवाय हलण्याला बंदी, काहींना तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावाच्या नजरेतून तो गेला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. प्राण्यांसाठी तो कायदा गरजेचाच होता. मात्र ज्यांची चूल शिकारीवर पेटत होती त्यांना पर्यायी काम देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. जमीन नाही, कसब बेकायदा, मजुरीला ठेवताना मालक बिचकतो. मग शेतराखण, भंगार गोळा करणे, भीक मागणे एवढेच उरते. भीक मागण्यासाठी लहान मुलगी सोबत असली तर हातावर जास्त पडते, हा हिशेब पालावर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांच्या वस्तीत, सगळ्यांना माहीत असतो.

अशा पालावरची मुलगी पहिलीत जाते तेव्हा तिच्यापुढे आधी भाषा उभी राहते. पारध्यांची घरची बोली गुजरातीला जवळची आहे. मराठी तिला बाजारात ऐकून माहीत असते, पण पुस्तकातली मराठी तिला परकीच. शिक्षकाने विचारलेले तिला कळत नाही, ती गप्प राहते आणि गप्प राहणे म्हणजे येत नाही असे धरले जाते. दुसरी अडचण त्याहून कठीण आहे. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली की माना तिच्याकडे वळतात. सहा वर्षांच्या मुलीला जमातीच्या इतिहासाचा धडा असा मिळतो. रात्री पोलीस पालावर येऊन बापाला घेऊन गेले असतील तर दुसऱ्या दिवशी ती शाळेत येत नाही आणि हजेरीपटावर फक्त ‘गैरहजर’ एवढीच नोंद होते.

कातकऱ्यांचे नाव खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून आले. जंगल हातातून गेले तसा तो धंदा संपला. मासे, खेकडे, कंद, रानभाज्या, उंदीर यांवरचे जगणे आजही पूर्ण थांबलेले नाही, पण रायगड, ठाणे, पालघर भागातली कातकरी कुटुंबे आता मोठ्या प्रमाणावर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर राबतात. पावसाळ्यात हाताशी काम नसताना मालकाकडून उचल घेतली जाते आणि दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी अख्खे कुटुंब भट्टीवर जाते. शाळेचे दुसरे सत्र इथेही हुकते. भट्टीवर वीट थापणारी आई दिवसभर चिखलात असते आणि लहानग्यांची जबाबदारी थोरल्या मुलीवर येते. विटा उलटून वाळवणे, रचणे ही कामेही तिच्या हातून होतात आणि त्यांची मजुरी वेगळी धरली जात नाही. वसई परिसरात विधायक संसद या संस्थेने नव्वदीच्या दशकात भट्ट्यांवरच भोंगाशाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची तात्पुरती झोपडी. शाळाही तशाच झोपडीत भरायची. मुलगी काखेत भावंड घेऊन आली तरी चालायचे, हा त्या शाळांचा सगळ्यात मोठा गुण.

सरकारी प्रयत्नांची यादी लांब आहे. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा, भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या आश्रमशाळा, मुलींची वसतिगृहे, केंद्राने २००४ मध्ये सुरू केलेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, आईवडील बाहेर असताना मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे, स्थलांतरित मुलाला वाटेतल्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी पत्रक. २००० च्या सुमारास वाडीवस्तीवर वस्तीशाळा निघाल्या. तिथे स्थानिक तरुणांना नाममात्र मानधनावर निमशिक्षक म्हणून नेमले गेले आणि अनेक धनगरवाड्यांपर्यंत त्यामुळे पहिल्यांदा फळा पोहोचला. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेल्या मुलांना विशेष प्रशिक्षण हा हक्क दिला. बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक हंगामात फिरत्या कुटुंबांचा माग काढून मुलांना परत आणतात. त्यांतल्या काहींनी हे काम स्वतःच्या खिशातून पदरमोड करून केले आहे.

पैशाच्या योजनांकडे पाहिले की मनाला लागते. १९९२ मध्ये पहिली ते चौथीच्या दुर्बल घटकांतील मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला: हजेरीच्या दिवसाला १ रुपया, वर्षाचे जास्तीत जास्त २२० रुपये. त्या काळी एका रुपयाला थोडी किंमत होती. पुढची पंचवीसहून अधिक वर्षे तो रुपया रुपयाच राहिला. भटक्या-विमुक्त मुलींसाठीची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती पाचवी ते सातवीला महिना ६० रुपये आणि आठवी ते दहावीला महिना १०० रुपये होती. पालावरची मुलगी एका दिवसात जे मिळवून आणते त्याच्याशी ही रक्कम ताडून पाहिली की आईबापांचा निर्णय समजायला वेगळ्या अभ्यासाची गरज उरत नाही.

या रकमाही हातात पडण्याआधी कागद लागतो. जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे वास्तव्य ठरावीक तारखेच्या आधीचे दाखवावे लागते: अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. ज्यांचे आजे-पणजे एका गावात सलग महिनाभर राहिले नाहीत, ज्यांची नावे सातबाऱ्यावर नाहीत आणि ज्यांच्यातले कोणी शाळेत गेलेच नाही, त्यांच्याकडून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद मागितली जाते. घरातली पहिली शिकणारी मुलगी इथे हमखास अडकते. पहिलीपासून आठवीपर्यंत दाखल्यावाचून ती कशीबशी निभावते, पण दहावीनंतर शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा सगळ्यांच्या दारावर तोच कागद मागितला जातो. चुलतभावाला दाखला मिळालेला असेल तर तिचे काम सोपे होते. घराण्यात तीच पहिली असेल तर तलाठी, तहसील आणि प्रांत कार्यालयांच्या फेऱ्यांत प्रवेशाची मुदत निघून जाते.

शाळेने मुलांमागे जावे हा विचार मराठी मुलुखाला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरत असताना, ऊन-सावली बघून झाडाखाली वर्ग भरू लागले. तीच कुरणशाळा. कोसबाडच्या ‘विकासवाडी’ या प्रकल्पात त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. भावंडाला पाळण्यात ठेवले की थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसायला मोकळी, इतका तो साधा उपाय होता. काखेतल्या बाळाची सोय झाल्याशिवाय मुलगी शाळेत येत नाही, हे त्यांनी इतक्या लवकर ओळखले होते. त्यांची ‘अंगणवाडी’ १९७५ नंतर देशभर गेली, शब्दासह गेली. कुरणशाळा मात्र कोसबाडच्या बाहेर फारशी रुजली नाही, आणि मेंढपाळ मुलींसाठी हे मोठे नुकसान आहे. आजही अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा यांच्या वेळा जुळतील आणि दोन्ही एका आवारात असतील याची खात्री सगळीकडे नाही.

देशाबाहेरही शाळा मुलांमागे गेल्या आहेत. इराणात मोहम्मद बहमनबेगी यांनी १९५० च्या दशकात कश्काई आणि इतर फिरत्या जमातींसाठी पांढऱ्या तंबूतल्या शाळा उभ्या केल्या. तंबू जमातीबरोबर हलायचा, शिक्षकही. १९५७ मध्ये शिराझला जमातीतल्याच तरुणांना शिक्षक म्हणून घडवणारे विद्यालय निघाले आणि पुढे मुलीही तिथून शिक्षिका होऊन आपल्या तांड्यात परतल्या. मंगोलियात वसतिगृहांच्या जोरावर पशुपालकांची मुले शिकली. १९९० नंतर कळप खासगी झाले तेव्हा तिथे कळपामागे जाण्यासाठी मुलांना शाळेतून काढले गेले आणि मुली शिकत राहिल्या. शिक्षणात त्या मुलांच्या पुढे निघून गेल्या. मेंढ्या पाळणाऱ्या घरात मुलीच मागे राहतात असा काही निसर्गनियम नाही, हे त्यावरून दिसते. कोणाचे श्रम कुटुंबाला कुठे हवे आहेत आणि वसतिगृहावर विश्वास किती आहे, यावर कोण शिकणार हे ठरते.

विश्वासाच्या बाबतीत आपल्याकडच्या आश्रमशाळांचा अनुभव संमिश्र आहे. हजारो मुली तिथूनच दहावीच्या पलीकडे गेल्या. त्याच वेळी निकृष्ट जेवण, तुटकी स्वच्छतागृहे, आजारपणात वेळेवर न मिळालेले उपचार आणि लैंगिक अत्याचाराच्या घटना यांनी अनेक पालकांच्या मनात कायमची भीती घातली. मुलगी वयात येण्याच्या सुमारास गळती वाढते ती या भीतीमुळेही. स्त्री अधीक्षिका रात्री आवारातच राहते का, शौचालयाला आतून कडी आहे का, आईला वाटेल तेव्हा फोनवर बोलता येते का: पालावरची आई हेच विचारते आणि तिचे प्रश्न अगदी बरोबर असतात.

समाजातल्याच माणसांनी काढलेल्या शाळांना हा विश्वास लवकर मिळतो. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने नोकरी सोडून २०१२ मध्ये ‘प्रश्नचिन्ह’ ही निवासी शाळा उभी केली. भीक मागणारी मुले-मुली त्यांनी तिथे आणली. पुढे समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेचे वाचनालय गेले. मोठ्या कष्टाने उभे राहिलेले असे काम किती सहज मोडते याचे ते उदाहरण. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत समाजाबाहेरून आलेले गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या संकुलात पारध्यांसह अनेक भटक्या समाजांची मुले शिकली.

या समाजांतल्या बायकांनी लिहिलेली पुस्तके हा वेगळा आणि मोलाचा पुरावा आहे. गोपाळ समाजातल्या जनाबाई गिऱ्हे यांचे ‘मरणकळा’, गोंधळी समाजातल्या विमल मोरे यांचे ‘तीन दगडांची चूल’, पारधी कार्यकर्त्या सुनीता भोसले यांचे ‘विंचवाचं तेल’. यांतले गोपाळ आणि गोंधळी मेंढपाळ किंवा शिकारी नव्हेत, पण पालावरचे बाईपण सारखेच आहे. भटक्यांची पुरुषांनी लिहिलेली आत्मकथने ऐंशीच्या दशकात गाजली आणि ‘उपरा’ व ‘उचल्या’ यांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. त्यांत आई, बहीण, बायको दिसतात त्या दुसऱ्याच्या नजरेतून. मुलगी स्वतः लिहू लागली तेव्हा पाण्याच्या खेपा, उघड्यावरचे बाळंतपण, रात्रीची भीती आणि जातपंचायतीपुढे मान खाली घालून उभे राहणे पहिल्यांदा आतून सांगितले गेले.

जातपंचायत हा मुलीच्या वाटेतला मोठा धोंडा आहे. अनेक भटक्या समाजांत लग्न लहान वयात ठरते. काहींत वरपक्षाने मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची रीत आहे आणि ठरलेले लग्न मोडले तर दंड किंवा वाळीत टाकणे. सोळाव्या वर्षी शिकायचे आहे म्हणणारी मुलगी त्यामुळे एकटी अडचणीत येत नाही, तिचे सगळे घर येते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवलेल्या जातपंचायत मूठमाती अभियानानंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि २०१७ पासून तो लागू झाला. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या २० ते २४ वर्षांच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. सतत फिरणाऱ्या कुटुंबातले लग्न कोणत्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत लागते, म्हणजे ते रोखायचे कोणी, हेच अनेकदा ठरत नाही.

मुलीचे बळ नुसत्या शाळेने वाढत नाही. वाड्यावर मेंढ्यांचे बाळंतपण, आजाराची पहिली खूण, झाडपाल्याचे औषध हे ज्ञान पुष्कळसे बायकांकडे असते. पुण्याच्या अंतरा या संस्थेतल्या स्त्री पशुवैद्यकांनी ते गांभीर्याने घेतले आणि मेंढपाळ बायकांबरोबर काम केले. पण कळपाची मालकी पुरुषाच्या नावावर असते आणि विक्रीचा पैसाही त्याच्याच हातात जातो. मेंढीपालनासाठी अनुदान देणारी महामेष योजना २०१७ मध्ये आली. अशा योजनांतला लाभ मुलीच्या किंवा आईच्या नावावर गेला तर घरातला तिचा शब्द जड होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्क मान्य केला आहे आणि वैयक्तिक जमिनीचा हक्क पती-पत्नीच्या संयुक्त नावाने देण्याची तरतूद केली आहे. चराईच्या हक्काची अंमलबजावणी मात्र फारच थोडी झाली. कुरण बंद होते तसा वाडा आणखी दूर जातो आणि तेवढी मुलगी शाळेपासून लांब जाते.

या सगळ्याचे मोजमाप करायला आकडे हवेत आणि तेच नाहीत. जनगणना अनुसूचित जाती व जमाती वेगळ्या मोजते, त्यामुळे कातकरी आणि पारधी मुलींची साक्षरता काढता येते. धनगर आणि इतर भटक्या-विमुक्तांची अशी मोजणी स्वातंत्र्यानंतर झालेली नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला आणि देशातल्या भटक्या-विमुक्तांची संख्या १० कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज केला. पुढे भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानेही शिफारशी केल्या. २०२२ मध्ये केंद्राने या समाजांसाठी पाच वर्षांची २०० कोटी रुपयांची योजना आणली. आयोगाचा अंदाज धरला तर माणशी वर्षाला जेमतेम चार रुपये होतात. कातकऱ्यांसारख्या समूहांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरे, रस्ते आणि वसतिगृहांचा समावेश आहे.

दहावीनंतर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वसतिगृहात पोहोचलेल्या मुलींची संख्या आता वाढते आहे. तिथली एक अडचण कोणत्याही अहवालात सहसा येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह बंद होते आणि मुलींना घरी पाठवले जाते. वाडा नेमका त्याच आठवड्यात हललेला असतो. मुलगी पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभी राहते, बापाला फोन लावते, रेंज लागली तर कोणत्या गावच्या कोणत्या शेतात मेंढ्या बसल्या आहेत ते विचारते आणि त्या फाट्यावर उतरून चालत जाते. फोन लागला नाही तर नातेवाइकांच्या घरी. सुट्टीत वसतिगृहाचा एक मजला, एक अधीक्षिका आणि एक स्वयंपाकीण ठेवली, तर अशा मुलींना राहता येईल. वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात मात्र अजून ‘कायमचा पत्ता’ हा एकच रकाना असतो.